क्रांतीला पोचवायला अख्खं गाव

"पळण्याच्या बाबतीत आमच्या घराण्याला तोड न्हाई! असला तर आणा तो माणूस माझ्यासमोर!"

निवृत्त हवालदार जोतीराम खोत निसारभाईच्या दुकानात बसून हे इतक्या मोठ्यानं बोलला की बाहेरचं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं. निसारभाई गावात ताडपत्र्या, बॅगा आणि ट्रॅक्टरची सीटकव्हरं शिवायचा. त्याच्या मांडीवर आत्ता जोतीरामच्या लेकीचा लष्करी पिट्टू होता, म्हणजे जवान पाठीला बांधतात ती पिशवी. तो तिचा पट्टा दुहेरी शिवत होता.

"हवालदार, पोरगी सुट्टीवर आलीया न्हवं? मग पट्टा आत्ताच कशाला?"

"शिस्त, निसारभाई! सुट्टीत सुदिक शिस्त! माझी क्रांती पहिल्या नंबरची जवान हाय. तिला सराव लागतच न्हाई."

"मग पिट्टू?"

"तो... धुवायला काढलाय."

निसारभाईनं दोरा दातानं तोडला आणि पुढं काही विचारलं नाही. धुवायला काढलेल्या पिशवीला दुहेरी शिलाई का लागते, हे त्याला कळलं नव्हतं असं नाही. पण जोतीरामशी वाद घालायचा तर दिवसाचं काम बुडतं, हे त्याला जास्त चांगलं कळत होतं.

खरी गोष्ट अशी होती. क्रांती ही आंबेमाळातनं लष्करात गेलेली पहिली पोरगी. ती भरती झाली तेव्हा जोतीरामनं फाट्यावर भला मोठा फ्लेक्स लावला होता. 'आंबेमाळची वाघीण!' मधी क्रांती वर्दीत, आणि कोपऱ्यात, म्हणजे चांगल्या निम्म्या भागात, स्वतः जोतीराम, मिशीला पीळ दिलेला. त्याची नोकरीतली बरीचशी वर्षं रसदीच्या गोदामात डाळ-तांदूळ मोजण्यात गेली होती, पण फ्लेक्सवर ते कुठं दिसतं?

आणि ही वाघीण सुट्टीला घरी आली, चुलीपुढं बसली आणि हळूच म्हणाली, "आबा, मी नापास झालो."

लढाईच्या तयारीची परीक्षा असते जवानांची. पाठीवर वजन भरलेला पिट्टू, हातात रायफल आणि पाच किलोमीटरची दौड. मग दोरावर चढायचं, चर ओलांडून उडी मारायची. दोर, उडी, सगळं क्रांतीला जमलं होतं. दौडीत मात्र पिट्टूनं तिला मागं ओढलं. सुट्टी संपून हजर झाल्यावर एकदाच संधी मिळणार होती. त्यात पास झाली तरच पलटणीत कायम राहायची आशा, नाहीतर मुदत संपली की वर्दी उतरवून घरी!

पोरगी रडली नाही. पण तिनं भाकरी अर्धीच खाल्ली. आमच्याकडची पोरगी तांबड्या रश्श्यापुढं अर्धी भाकरी टाकून उठते, तेव्हा दुखणं किती खोल आहे हे डॉक्टरला विचारावं लागत नाही.

तिची आई शालूबाई म्हणाली, "अवं, गावाला सांगूया. तालमीतली पोरं मदत करतील."

"सांगायचं? आणि फ्लेक्स?"

"काढा तो."

"त्याच्यावर माझाबी फोटो हाय, शाले!"

झालं! जोतीरामनं बेत आखला. गाव उठायच्या आत निघायचं, फाट्याला शिवून गाव उठायच्या आत परत यायचं, जाऊन-येऊन पाच किलोमीटर! पिट्टूत वाळूच्या पिशव्या भरायच्या. रायफल घरात नाही, तर तिच्या जागी शालूबाईचं मुसळ! मागनं जोतीराम आपल्या जुन्या एम-एटी स्कूटरवरनं शिट्टी फुंकत येणार. कानोकान खबर नाही!

बेत उत्तम होता. फक्त एक गोष्ट तो विसरला. गाव पहाटे झोपलेलं असतं हे पेन्शन खाणाऱ्याला वाटतं. म्हशी पाळणाऱ्याला नाही! पहाटे डेअरीवर दूध घालायला अख्खं आंबेमाळ रस्त्यावर असतं.

पहिल्याच दिवशी, कोपऱ्यावर वळताना, समोर हातात किटली घेतलेली धोंडुबाई! धोंडुबाई जोतीरामची चुलती. गावातलं बारसं असो की मयत, तिच्या हुकमाशिवाय हलत नाही. तिनं वर्दीतली क्रांती बघितली, पाठीवरचा पिट्टू बघितला, आणि किटली खाली ठेवून दोन्ही हात पसरून रस्ता अडवला.

"क्रांते! न सांगता निघालीस व्हय?"

"आज्जी, मी ते..." क्रांतीनं तोंड उघडलं. तेवढ्यात मागनं एम-एटी फटफटत आली.

"हुकूम आलाय, काकी! तातडीचा!" जोतीराम ओरडला.

"अगं बया! आणि हातात मुसळ?"

जोतीरामनं मिशीला पीळ दिला. "ते... तिच्या सायबाला आमची कांदा-लसूण चटणी लय आवडती. तिकडं मुसळ मिळत न्हाई."

"थांब मग! अशी कशी जातीस?"

आता इथं आंबेमाळची रीत सांगायला पाहिजे. सुट्टी संपवून निघालेल्या जवानाच्या पिशवीत वाटेवरच्या प्रत्येक घरानं काहीतरी शिदोरी घालायची. ती दुसऱ्यानं उचलायची नाही, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत पाठीवरनं उतरवायची नाही. उतरवली की अपशकुन! कुठल्या लढाईपासनं ही रीत पडली ते कुणाला माहीत नाही, पण ती मोडायची ताकद हवालदारातच काय, कर्नलातसुद्धा नाही.

धोंडुबाईनं पिट्टूत नारळ घातला. तिची हाक ऐकून दारं उघडली. एक नारळ, दोन नारळ, शेंगदाण्याची पिशवी, गुळाचा मोठा खडा, आणि साहेबासाठी लाल मिरच्या! क्रांती पळाली ती वेशीपर्यंत डुलतच. फाट्यावर पोचली तेव्हा तिचा चेहरा त्या मिरच्यांच्या रंगाचा झाला होता.

"आबा, हे उतरवू?"

"शिदोरी हाय ती! पळ!"

परत येताना अर्थातच अख्ख्या गावानं बघितलं.

"परत आली?"

"एस्टी चुकली!" जोतीराम म्हणाला.

दुकान उघडत असलेला निसारभाई म्हणाला, "हवालदार, रत्नागिरी रोड हाय तो, चंद्र न्हाई. मागनं मलकापूरची गाडी असती की."

"तीबी चुकली!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "सायबाचा फोन आला, उद्या या म्हणाले." तिसऱ्या दिवशी, "तिकीट घरात राहिलं." प्रत्येक वेळी शिदोरी वाढत होती, कारण काल ज्यांच्या दारात कुणी नव्हतं ते आज शरमून आधीच उभे असायचे. जोतीरामनं तिसऱ्या दिवशी वाळूच्या पिशव्या काढून ठेवल्या. वाळूची गरजच उरली नव्हती!

घरात नारळांचा ढीग लागला. शालूबाईनं खोबऱ्याची वडी केली, खोबऱ्याची चटणी केली, मग पांढरा रस्सा केला आणि शेवटी वैतागून आमटीतही खोबरं, भातातही खोबरं! जोतीराम म्हणाला, "शाले, कोकणात आल्यागत वाटतंय." शालूबाई म्हणाली, "खोटं बोलणं थांबवा, म्हंजे घाट चढून परत याल."

क्रांती मात्र रोज रात्री अख्खी भाकरी खाऊ लागली होती. मग दीड. मग मोजणं बंद!

इकडं डेअरीवर धोंडुबाईनं सभाच भरवली. "हुकूम तातडीचा, पोरगी तयार, आणि रोज वेशीतनं माघारी? न्हाई न्हाई! पाठवण्यात आपलंच कायतरी चुकतंय!"

सगळ्यांच्या माना हलल्या. मग चूक कुणाची याचा शोध सुरू झाला. कुणाचा नारळ नासका होता? मांजर कुणाचं आडवं गेलं? शेवटी सगळ्यांची नजर गुंडूवर स्थिरावली. गुंडू डेअरीत मापाडी.

"तू शिंकलास काल! ती निघताना!"

"मग काय करू?" गुंडू उसळला. "मिरच्यांच्या पोत्याला खेटून मला उभा केलासा! शिंक न्हाईतर काय अभंग येणार?"

"उद्या तू गोठ्यात थांबायचं. आणि बाकीच्यांनी नीट ऐका! उद्या पोरीला अशी पाठवायची की ती परत आलीच न्हाई पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी पहाटे क्रांतीनं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच खिळली. समोर अख्खं गाव! हलगी, ओवाळणीची ताटं, तालमीतली पोरं, झेंडूच्या माळा घातलेला ट्रॅक्टर. धोंडुबाई पुढं आली. तिच्या पदराआड काहीतरी जड होतं.

"मुसळानं मिरची कुटशील, पण वाटण कशानं वाटशील? घे!" आणि तिनं पिट्टूत चक्क वरवंटा घातला! काळ्या दगडाचा, पिढ्यान्‌पिढ्या घासलेला, लहान पोराएवढा जड! "पाटा सायबाला आणायला सांग. वरवंटा आमचा!"

पिट्टूनं एक आवाज काढला. पण निसारभाईची शिलाई ती निसारभाईची शिलाई! टाका उसवला नाही.

क्रांती दातओठ खात म्हणाली, "आबा, आता तरी सांगा."

"फाट्यावर सांगतो," जोतीराम पुटपुटला. "तिथं गर्दी कमी असंल."

गर्दी कुठली कमी! अख्खं गाव फाट्यावर आलं. बरोबर फ्लेक्सखाली एस्टीची वाट बघत हलगी कडकडत राहिली. कोल्हापूरची गाडी आली. तालमीतल्या पोरांनी क्रांतीला पिट्टूसकट उचललं आणि आत चढवलं. कंडक्टर ओरडला, "आवो पावणं, हळू! एस्टी हाय, ट्रॉली न्हाई!" क्रांतीनं खिडकीतनं बापाकडं बघितलं. बापानं आभाळाकडं बघितलं. डबल बेल झाली आणि गाडी गेली!

जोतीरामनं घाईनं एम-एटीला किक मारली. पाठलाग करून पुढच्या थांब्यावर तिला उतरवून घ्यायचं, एवढंच आता डोक्यात होतं. पण धोंडुबाईनं हँडलच धरलं.

"रडाय एकटा कुठं निघालास, जोत्या? पोरगी गेली म्हणून असा खचू नगंस! चल, सत्कार हाय तुझा!"

"काकी, मला जरा..."

"बसवा रं ह्याला ट्रॅक्टरवर!"

बसवलं. मिरवत आणलं. देवळापुढच्या पटांगणात खुर्ची मांडून त्याच्या गळ्यात हार घातला. सरपंच बोलले, तालमीचे वस्ताद बोलले, मग जोतीरामला माइक दिला. आता खरं बोलायची वेळ होती. समोर अख्खं गाव डोळे पुसत होतं. जोतीरामनं घसा खाकरला, एकदा चपलांकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडातनं सवयीनं निघालं ते असं:

"माझी वाघीण आत्ता कोल्हापूर स्टेशनात पोचली असंल! रेल्वेत बसली असंल! आता ती मागं वळून बघणार न्हाई!"

टाळ्या पडल्या. आणि टाळ्यांच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. धप, धप, धप. बुटांचा!

सगळ्यांनी वेशीकडं बघितलं. हातात मुसळ, केस कपाळाला चिकटलेले, पिट्टूतनं नारळांच्या शेंड्या बाहेर आलेल्या, अंगातनं वाफा निघत असलेली क्रांती सरळ पटांगणात पळत आली. थांबली नाही की बसली नाही. बापाच्या खुर्चीपुढं आली, तिथं पाय आपटून उभी राहिली, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि गरजली:

"आबा! दौड बसली वेळेत! पुढच्या थांब्यापास्नं पळत आलो, पाच किलोमीटरपेक्षा लांब हाय, आणि तरी बसली! वरवंट्यासकट!"

पटांगणात टाचणी पडली असती तर तिचाही सत्कार झाला असता, इतकी शांतता!

निसारभाईनं हळूच विचारलं, "आत बसल्यावर सुदिक एस्टी चुकली?"

"चुकली न्हाई, काका. कवाच चुकली न्हवती." क्रांतीनं माइक बापाच्या हातातनं घेतला. "मी नापास झालो लष्करात. पिट्टू घेऊन पळायच्या परीक्षेत. एकच संधी राहिलीया. म्हणून रोज सराव करतो. लपवलं, चुकलं. पण आज पहिल्यांदा जमलं मला!"

सगळ्यांनी धोंडुबाईकडं बघितलं. ती उठली. चालत पुढं आली. तिच्या चेहऱ्यावर मोठं दुःख होतं.

"म्हंजे," ती म्हणाली, "सायबाला आमची चटणी आवडत न्हाई?"

"त्यांनी अजून खाल्ली न्हाई, आज्जी."

"मग ठीक हाय!" धोंडुबाईचा चेहरा उजळला आणि ती जोतीरामकडं वळली. "आणि तू रं, मुडद्या! एकदा नापास झाली म्हणून पोरीला गावापास्नं लपवतोस? हा गुंडू धावीला किती वेळा बसला? पास झाला तवा हत्तीवरनं मिरवायचा तेवढा बाकी ठेवलाता आम्ही!"

"आता माझं कशाला?" मागनं गुंडू म्हणाला.

जोतीरामनं गळ्यातला हार काढला आणि मुकाट्यानं लेकीच्या गळ्यात घातला. तो हार मात्र पिट्टूच्या वजनात धरू नये, असं त्याचं म्हणणं होतं.

त्या दिवसापासनं आंबेमाळानं परीक्षा अंगावर घेतली. तालमीतली पोरं क्रांतीच्या पुढं पळायची, तिला चिडवायला. बायका दारातनं ओरडायच्या, "पाय उचल! खांदे वर!" धोंडुबाई डेअरीच्या कट्ट्यावर उभी राहून तिचा पळण्याचा ढंग तपासायची, जणू लष्करात तिचं आयुष्य गेलंय. शिदोरी बंद झाली. वस्तादांनी वाळू परत भरायला सांगितली, तेव्हा क्रांती म्हणाली, "भरा. पण वरवंटा राहू द्या. त्याच्याशिवाय आता पाठ मोकळी मोकळी वाटती."

आणि मग सुट्टी संपली.

क्रांती पहाटे निघाली. ह्या खेपेला खरी! वर्दी, पिट्टू, सगळं. जोतीराम मागं एम-एटीवर. गावातनं जाताना दारं उघडीच होती. लोक म्हशी धूत होते, दूध काढत होते. कुणी ताट आणलं नाही, कुणी हलगी आणली नाही.

"आज पाय जड दिसत्यात गं!" एकीनं शेणाच्या पाटीआडून आवाज दिला.

"काकू, निघालो मी! खरंच!" क्रांती म्हणाली.

"व्हय व्हय! रोजच निघतीस! पळ!"

धोंडुबाईनं तर मान वर करूनही बघितलं नाही. किटलीतल्या दुधाचा फेस फुंकत ती म्हणाली, "मुसळ विसरलीस! उद्या आठवणीनं घे!"

बापलेक फाट्यावर आले. गाडी आली. चढताना क्रांती बापाच्या पाया पडली. बापाला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण ऐकायला गाव नव्हतं, म्हणून तो नुसताच म्हणाला, "श्वास सोडत ऱ्हा." गाडी गेली. जोतीराम फ्लेक्सखाली बराच वेळ उभा होता. मग कुणी बघत नाही हे बघून त्यानं डोळे पुसले.

पुढचे दिवस घरात कुणाचं कशात लक्ष नव्हतं. जोतीराम निसारभाईच्या दुकानात येऊन बसायचा आणि चक्क गप्प बसायचा. निसारभाई घाबरला. "हवालदार, कायतरी फेका की! मशीन चालंना झालीया!"

एका दुपारी फोन वाजला. क्रांती! जोतीरामला बटणच सापडेना, तेव्हा निसारभाईनं फोन घेऊन स्पीकर लावला.

"आबा!"

"बोल, पोरी."

"पिट्टू बांधला, आणि मला वाटलं ह्यात कायच भरलेलं न्हाई! उघडून बघितलं, तर वजन बरोबर! इतका हलका, आबा! कापसाची उशी बांधल्यागत! शिट्टी झाली आणि मी सुटलो. मागं बघितलं तर मागं कोण न्हाई. मला वाटलं, वाटच चुकलो! तर सगळ्या लांब राहिलेल्या! पहिली आलो मी! परीक्षा घेणारे उस्ताद म्हणाले, पिट्टू परत तोला हिचा. तोलला. तरी बरोबर! मग दोर, उडी, सगळं पास! एक नंबर शेरा मिळालाय! आता वर्दीला धक्का न्हाई, आबा!"

जोतीराम उठून उभा राहिला. त्यानं फोनलाच कडक सलाम ठोकला! निसारभाईनं मशीनवरची अर्धी ताडपत्री तशीच रस्त्यावर फेकली आणि नाचायला लागला. हलगी आली, गुलाल आला, गुंडूनं दुधाचं माप टाकून तालमीपर्यंत धाव घेतली. वाघिणीच्या नावाचा असा गजर झाला की पलीकडच्या डोंगरावरनं तो परत आला! शालूबाई दारात उभी राहून हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. असा दिवस आंबेमाळानं बघितला नव्हता!

आणि ह्या सगळ्या धांदलीत धोंडुबाईनं हात वर केला. हलगी थांबली.

"एक मिनिट! पास कुठं झाली ती?"

"पलटणीत, काकी!"

"पलटणीत? मग ती गेली कवा?"

"मागल्या आठवड्यात. तुमच्यासमोरनं."

धोंडुबाईनं कपाळावर हात मारला. "सरावाला चाललीया असं वाटलं की रं मला! मग दिसली न्हाई तवा वाटलं, परीक्षेआधी पायांना इसावा देतीया! म्हंजे आंबेमाळचा जवान वेशीतनं रिकामा गेला? बिनशिदोरीचा? फोन लाव! म्हणावं, एक दिवसासाठी परत ये, नीट पाठवतो!"

"काकी, असं येता येत न्हाई लष्करातनं!"

"ती न्हाई येत? मग तू जा घेऊन!"

जोतीराम हसला. मग बघितलं तर बाकी कुणीच हसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जोतीरामच्या पाठीला त्याचाच जुना पिट्टू बांधला गेला. वाटेवरचं एकही घर चुकलं नाही. प्रत्येकाची शरम नारळाएवढी होती, आणि काहींची दोन नारळांएवढी. गुंडूला गोठ्यात ठेवलं होतं. फाट्यावर तालमीतल्या पोरांनी जोतीरामला ढकलून गाडीत चढवलं. रिकाम्या जागा चिक्कार होत्या. पण पाठीवर एवढं ओझं घेऊन बाकावर बसता येत नाही, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत उतरवायचं तर नाही!

कंडक्टर म्हणाला, "पावणं, काढून खाली ठेवा की ते!"

"जमत न्हाई," दांड्याला लोंबकळत जोतीराम म्हणाला. "लेक लष्करात हाय माझी. पहिली आलीया!"

कोल्हापूर येईपर्यंत त्यानं हे गाडीतल्या प्रत्येकाला सांगितलं, न विचारणाऱ्यालासुद्धा. मान ताठ, मिशी ताठ. पाय मात्र फाटा मागं पडला तेव्हापासनंच लटपटत होते. पुढं रेल्वेत दीड दिवस त्यानं काय केलं, ते परत आल्यावर त्यानं कुणालाच सांगितलं नाही, आणि तो आठवडाभर पालथा झोपत होता म्हणून आम्हीही खोदून विचारलं नाही.